चाळिशीनंतर अंगात ताकद: घरच्या घरी बारा आठवड्यांचा व्यायाम आणि ताटातले बदल

रोज सकाळी पाऊण तास चालणारी, चहातली साखर सोडलेली, रात्री हलकं खाणारी कितीतरी माणसं पन्नाशीत पंगतीला मांडी घालून बसतात खरी, पण उठताना त्यांना शेजाऱ्याचा खांदा लागतो. त्यांचं चालणं वाया गेलेलं नसतं. हृदय, फुप्फुसं, साखर, रक्तदाब यांना त्याचा फायदा झालेलाच असतो. मात्र मांड्या, पाठ, खांदे, दंड यांना वर्षानुवर्षं वजन पेलायचं काम मिळालेलं नसतं आणि ताटात प्रोटीन तुटपुंजं असतं. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात, साठीनंतर ती घट वेग घेते. वजनकाट्यावर ती दिसत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेत असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी दिलेल्या सूचनांचे दोन भाग आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम, आणि आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. पहिला भाग आपल्याकडे घराघरात पोचला आहे. दुसरा बहुतेकांच्या कानावरही आलेला नाही. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या भागासाठी आहे. चालणं सुरू असेल तर ते सोडू नका. नसेल तर दोन्ही बरोबरच सुरू करता येतात.

आधी स्वतःची नोंद

एक वही घ्या. पहिल्या पानावर चार गोष्टी लिहायच्या.

कमरेचा घेर. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडून मोजा, पोट आत ओढू नका. आपल्या लोकांसाठी धोक्याची रेषा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर धरतात. वजनापेक्षा हा आकडा मी जास्त महत्त्वाचा मानतो, कारण पोटाच्या आतली चरबी मधुमेह आणि हृदयविकाराशी थेट जोडलेली आहे.

खुर्चीची चाचणी. भिंतीला टेकवलेली साधी, बिनहाताची खुर्ची घ्या. हात छातीवर दुमडा आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा जमतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला १४ पेक्षा कमी आणि स्त्रीला १२ पेक्षा कमी जमलं, तर पायांची ताकद त्या वयाच्या मानाने कमी समजतात. चाळिशीत याहून बरंच जास्त जमायला हवं.

तिसरी नोंद एका पायावर आधाराशिवाय किती सेकंद उभं राहता येतं याची. चौथी, न थांबता दोन मजले चढल्यावर पूर्ण वाक्य बोलता येतं का, याची.

छातीत दाब किंवा जडपणा, जिना चढताना नव्याने लागणारी धाप, भोवळ, पायांना सूज यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाची औषधं सुरू असतील तरीही डॉक्टरांना विचारून घ्या. जमल्यास हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची सरासरी साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी), बी-१२ आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं फार नेहमीचं आहे. ते कमी असताना माणूस सतत थकलेला असतो आणि व्यायाम झेपत नाही म्हणून सोडून देतो.

सहा हालचाली

जिमची गरज नाही, पण हलकंफुलकं करूनही भागणार नाही. स्नायूला नेहमीपेक्षा जास्त काम द्यावं लागतं, आणि ते काम आठवड्यागणिक थोडं थोडं वाढवावं लागतं. सगळी गोम यात आहे. दोन वर्षं रोज तेच दहा सूर्यनमस्कार घालणाऱ्याला पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे मिळालं, तेवढंच मिळतं.

सूर्यनमस्कारांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी त्यांचा प्रसार केला आणि ते महाराष्ट्राच्या शाळाशाळांत गेले. व्यायाम उत्तमच आहे. अंग लवचिक होतं, दम वाढतो, खांदे आणि छाती काम करतात. पण त्यात काही ओढून घेण्याची हालचाल नाही, त्यामुळे पाठीचा वरचा भाग आणि दंडाची पुढची बाजू उपाशी राहते. जुन्या तालमीत जोर-बैठकांच्या जोडीला मल्लखांब, दोर, मुद्गल असायचे. त्यामुळे ही कसर भरून निघायची. आज दिवसभर मोबाइल आणि लॅपटॉपवर वाकून बसणाऱ्यांना ओढण्याची हालचाल सगळ्यात जास्त हवी आहे. म्हणून खालच्या यादीतून ती वगळू नका.

पहिली, खुर्चीवरून उठबस. ही नीट शिकलात तर निम्मं काम झालं, म्हणून सावकाश वाचा. खुर्चीच्या पुढच्या काठावर बसा. पावलं खांद्यांइतकी लांब, बोटं किंचित बाहेर वळलेली. टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे घ्या. छाती पुढे आणून नाक पायांच्या बोटांच्या वर येईल इतकं झुका, मग टाचांनी जमीन दाबत उठा. उठताना गुडघे एकमेकांकडे ओढले जातात का, ते आरशात बघा. ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिले पाहिजेत. वर आल्यावर ढुंगणाचे स्नायू आवळा. आता खरं काम सुरू होतं: खाली बसताना मनात तीन मोजा आणि धपकन न बसता खुर्चीला हलकेच टेका. ताकदीचा मोठा वाटा या सावकाश खाली येण्यात आहे. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर जाड उशी ठेवा, उंची वाढली की ताण कमी होतो. सोपं झालं की उशी काढा, मग छातीशी पाच किलोची तांदळाची पिशवी धरा, मग खुर्ची काढून बैठका मारा.

दुसरी, जोर. थेट जमिनीवर नको. आधी भिंतीला हात टेकवून, मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मग पलंगाच्या काठावर, शेवटी जमिनीवर. डोक्यापासून टाचेपर्यंत अंग सरळ ठेवा. कोपरं अंगापासून फार फाकू देऊ नका. ओटा कोरडा आहे ना, तेवढं बघून घ्या.

तिसरी, ओढणं. पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं किंवा पाण्याच्या बाटल्या भरा. एक हात खुर्चीवर टेकवा, कमरेत झुका, पाठ सरळ ठेवा आणि दुसऱ्या हाताने सॅक कमरेकडे ओढा. खांदा कानाकडे जाऊ देऊ नका.

चौथी, कमरेतून वाकून उचलणं. पाठीचं दुखणं बऱ्याचदा बादली किंवा गॅसची टाकी उचलताना सुरू होतं, म्हणून ही हालचाल शिकायलाच हवी. गुडघे जरासे सैल सोडा, ढुंगण मागे ढकला, पाठ सपाट राहू द्या. पिशवी अंगाला घासत वर आली पाहिजे. पाठीला बाक येत असेल तर वजन कमी करा.

पाचवी, सेतुबंध. पाठीवर झोपून गुडघे दुमडा, कंबर उचला, वर तीन सेकंद थांबा. सहावी, दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या धरून ताठ चालणं. दिसायला ही सगळ्यात सोपी, पण पकड, खांदे, पोट, पाठ यांना एकदम काम देते. बाजारातून येताना दोन पिशव्यांत सामान सारखं विभागून घेतलंत तर ती आपोआप घडते.

उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. श्वास कोंडून वजन उचललं की रक्तदाब झटकन वर जातो. रक्तदाब असलेल्यांनी हे कटाक्षाने पाळावं.

बारा आठवडे असे घाला

पहिले दोन आठवडे फक्त हालचाली शिकायच्या. आठवड्यातून दोन दिवस, मधे किमान एक दिवस सोडून, प्रत्येक हालचाल ८ ते १० वेळा, एकच फेरी. वीस मिनिटांत आटपतं. संपल्यावर "अजून करता आलं असतं" असं वाटलं पाहिजे. याच दोन आठवड्यांत उत्साहाच्या भरात जास्त करून लोक आजारी पडल्यासारखे होतात आणि तिसऱ्या आठवड्यात थांबतात.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात दोन फेऱ्या, हळूहळू १२ वेळांपर्यंत. फेऱ्यांमधे मिनिटभर ते दोन मिनिटं विश्रांती. कसोटी अशी: शेवटच्या दोन वेळा कष्टाने व्हायला हव्यात, पण ढब बिघडता कामा नये. सगळ्या बारा वेळा सहज झाल्या तर पुढच्या खेपेला वजन वाढवा आणि पुन्हा ८ पासून चढा. वहीत तारीख, वजन, संख्या लिहा. नोंद नसेल तर वाढ होते की नाही ते कळत नाही.

सातव्या ते बाराव्या आठवड्यात तीन दिवस, तीन फेऱ्या. सोमवार-बुधवार-शुक्रवार ठेवलेत तर शनिवार-रविवार पाहुण्यांना, लग्नकार्याला मोकळा राहतो.

उरलेल्या दिवशी चालणं. गती किती? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी तासभर एकदम चालण्यापेक्षा थोडं चालणं जेवणांच्या मागे वाटून घ्यावं. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी आणि इन्सुलिनने व्यायामात साखर फार उतरू शकते. थरथर, घाम, घाबरल्यासारखं झालं तर थांबा आणि तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. खिशात पुडी असू द्या.

पावसाळ्यात बाहेरचं चालणं बंद पडतं आणि गणपतीनंतर सुरू करायचं ते दिवाळी उलटली तरी होत नाही. जून ते सप्टेंबरसाठी जिना ठरवून ठेवा. दहा मिनिटं जिना चढ-उतार करा, उतरताना कठडा धरा. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचाही सराव करावा. ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभं राहायचं, जमलं की बोट काढायचं.

ताट

व्यायामाने स्नायूला निरोप जातो, पण तो बांधायला माल लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरेसं. वय वाढलेल्या आणि ताकदीचा व्यायाम करणाऱ्या माणसाने १ ते १.२ ग्रॅमपर्यंत जावं, असं अनेक तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ६० ते ७० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरच ठरवतील.

आता नेहमीचं शाकाहारी ताट मोजू. सकाळी बशीभर पोहे, ४ ग्रॅम. दोनदा चहातलं दूध, ३ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या ७, थोडा भात ३, पातळ वरण ४, भाजी २. रात्री पुन्हा तेवढंच. बेरीज चाळीसच्या जरा खाली-वर जाते. पोट भरलेलं असतं, पण माल अपुरा.

हे भरून काढायला परदेशी डबे लागत नाहीत. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीनच्या पावडरी टाळायलाच सांगितलं आहे. आपल्या स्वयंपाकघरात काय आहे ते बघा. पोह्यांबरोबर वाटीभर मटकीची उसळ, ७ ग्रॅम. पोह्यांतच मूठभर शेंगदाणे, ३ ते ५ ग्रॅम. वरण पाणी घालून वाढवण्याऐवजी माणशी ३० ग्रॅम डाळ घालून घट्ट केलंत तर ६ ते ७ ग्रॅम. वाटीभर दही ५. संध्याकाळी बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे ६. रात्री बाजरीच्या दोन भाकऱ्या आणि पिठलं मिळून १६ च्या आसपास. एवढ्यावर आकडा साठच्या पुढे जातो. कुळीथ, चवळी, वाल, मसूर आलटून पालटून करा. कडधान्य भिजवून मोड आणलं आणि पाणी बदलून शिजवलं की गॅसेसची तक्रारही बरीच कमी होते.

मांसाहार करणाऱ्यांचं सोपं आहे. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम बांगड्यात साधारण २० ग्रॅम. पण रविवारी मटणावर ताव आणि बाकी सहा दिवस वरण-भात, असं करून चालत नाही, कारण प्रोटीन चरबीसारखं साठवून ठेवायची सोय शरीरात नाही. प्रत्येक जेवणात थोडं थोडं हवं. सगळ्यात कमी लक्ष नाश्त्याकडे असतं, म्हणून बदल तिथून सुरू करा. कांदेपोह्यांऐवजी आठवड्यातून दोनदा मुगाचं धिरडं किंवा बेसनाचा पोळा, एखाद्या दिवशी भाजणीचं थालीपीठ दह्याबरोबर.

घरातल्या बाईच्या ताटाबद्दल स्वतंत्र बोलायला हवं. अजूनही पुष्कळ घरांत ती शेवटी जेवते. उसळ संपलेली असते, तिच्या वाट्याला रस्सा आणि उरलेली पोळी येते, दूध मुलांना गेलेलं असतं. पाळी थांबण्याच्या सुमारास तिचे स्नायू आणि हाडं दोन्ही झपाट्याने घटू लागतात, म्हणजे ज्या वयात तिला सगळ्यात जास्त हवं, त्याच वयात सगळ्यात कमी मिळतं. तिची उसळीची वाटी आधी भरून बाजूला ठेवायची, हा नियम घरात करा. आणि "बायकांनी वजन उचलू नये" हे मनातून काढून टाका. पिशवी उचलून कुणाचं शरीर पुरुषी होत नाही. हाडांना मात्र त्याचा खरा आधार मिळतो.

कमरेचा घेर कमी करायचा असेल तर अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं, पाव ताट डाळ-उसळ-दही-अंडं-मासळीचं आणि पाव ताट पोळी-भाकरी-भाताचं अशी मांडणी करा. एक पोळी किंवा भाताची एक मूद कमी करणं बहुतेकांना पुरतं. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन उतरवायच्या मागे लागू नका, त्यात स्नायूही जातात.

तेलाचा हिशेब महिन्यावर करा. माणशी दिवसाला चार छोटे चमचे धरले तर चौघांच्या घरात महिन्याला सुमारे अडीच लिटर. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर जास्तीचं कुठे जातं ते शोधा. तळण आणि फोडणी दोन्हीकडे बघा. फक्त तळण बंद करून पळीभर तेलाची फोडणी चालू राहिली तर फरक पडत नाही. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे छोटा चमचाभर, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण आलं.

उपवासाबद्दल माझं मत ठाम आहे. उपवास करा, पण साबुदाण्याच्या भरवशावर नको. १०० ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमसुद्धा प्रोटीन नसतं, आणि खिचडीत तूपही सढळ हाताने पडतं. वरईचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, दही, राजगिऱ्याची भाकरी, एखादं फळ इतकं असलं तर उपवासाच्या दिवशीही व्यायाम चुकवावा लागत नाही. राजगिऱ्यात १०० ग्रॅममागे १३-१४ ग्रॅम प्रोटीन असतं.

झोप सात तास. ती कमी झाली की भूक वाढते, गोड खावंसं वाटतं आणि व्यायामातून अंग सावरत नाही. रात्री साडेअकराला मालिका बघून पहाटे पाचला उठणाऱ्याने व्यायाम संध्याकाळी करावा. पहाटेचाच व्यायाम खरा, असं काही नाही.

दुखलं, खंड पडला

पहिल्या आठवड्यात मांड्या आणि दंड दुखतील. व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त, मग आपोआप कमी. त्यावर हलकं चालणं हाच उपाय. सांध्यात सुई टोचल्यासारखी कळ, सूज, हातापायाला मुंग्या किंवा कंबरेतून पायात उतरणारी कळ मात्र वेगळी. ती हालचाल थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

बाराव्या आठवड्याच्या शेवटी पहिल्या पानावरच्या चारही नोंदी पुन्हा करा. खुर्चीची संख्या बहुतेकांची वाढते, घेर हळू उतरतो. घेर जागचा हलला नसेल आणि संख्या वाढली असेल तर व्यायाम बरोबर चालला आहे, आता ताटातली पोळी, भात आणि तेल बघायचं. संख्याच वाढली नसेल तर वही उघडा: वजन वाढवलं होतं का, आणि नाश्त्यात प्रोटीन होतं का, हे दोन प्रश्न आधी.

ताप, प्रवास, लग्नसराई यांनी आठवडाभर खंड पडला तर होता तिथूनच सुरू करा. दोन-तीन आठवडे गेले तर वजन आणि फेऱ्या निम्म्यावर आणा, आठवडाभरात अंग पूर्ववत होतं. तापातून उठल्यावर मात्र दोन दिवस नुसतं घरात चाला, जेवण पूर्ववत झालं की खुर्चीच्या उठबशांपासून पुन्हा धरा.